गमरेबाई आणि फोर्कची शिस्त

गमरेबाईंचा राग पूर्णगडाच्या आसपासच्या सगळ्या वाड्यांना ठाऊक आहे. शाळेच्या बाई निशिगंधा गमरे कधी आवाज चढवत नाहीत. चष्मा काढतात, पदराने पुसतात, परत घालतात, आणि मग जे बोलतात ते समोरच्याला पेन्शनीपर्यंत पुरतं. शाळेची फुटकी कौलं 'बघू, करू' म्हणत लांबवणाऱ्या एका साहेबासमोर असाच चष्मा पुसला गेला होता. आठवड्याच्या आत नवी कौलं चढली.

बाईंचं माहेर आतल्या अंगाला, लांज्याकडं. आजोबा भिवा हे छप्पन साली धम्मदीक्षा घेतलेले. त्याआधी गावात त्यांना पाणी मिळायचं ते वरून, ओंजळीत, कारण त्यांच्या हातानं म्हणे भांडं बाटायचं. ही गोष्ट बाईंनी लहानपणी इतक्यांदा ऐकली होती की 'घाण' आणि 'हात' हे दोन शब्द शेजारी आले तरी त्यांची कानशिलं तापतात. तापायलाच हवीत.

आता आपल्याकडची रीत अशी, की वाडीत मंडळ असतं आणि त्या मंडळाच्या डोक्यावर मुंबईचं मंडळ असतं. सभा मुंबईत भरते, ठराव गावाला कळतो. तसाच एक ठराव गेल्या वर्षी कळला: जिल्हा परिषदेच्या शाळेतली तिसरी-चौथीची मुलं आठवडाभर श्रीलंकेला न्यायची. तिथल्या समुद्रकाठच्या एका वसतिगृहात राहायचं, तिथल्या मुलांबरोबर शिकायचं, खेळायचं. कल्पना सोन्यासारखी होती, हे बाईंनीही मान्य केलं. मुलं बुद्धाच्या देशात निघाली, ही बातमी त्यांनी आजोबांच्या फोटोपुढं उभं राहून सांगितली सुद्धा.

सोन्याला डाग लावायला मंडळाचे सेक्रेटरी होतेच. विनोद साळवी. जन्म याच वाडीतला, वाढले आईच्या हातच्या पेडव्यांच्या कालवणावर, पण परळला फ्लॅट झाल्यापासून गावची प्रत्येक गोष्ट नाकाला रुमाल लावून बघायची सवय जडलेली. लेकीच्या इंग्रजी शाळेबरोबर ते एकदा युरोपात जाऊन आले होते. तिथली शिस्त त्यांनी जशीच्या तशी उचलून आमच्या मुलांवर आणली. परदेश म्हणजे परदेश, मग तो कुठलाही असो. प्रत्येक रविवारी शाळेच्या पडवीत टेबलं मांडून सुरी-फोर्कनं भात खायचा सराव सुरू झाला. फोर्कनं भात. कोकणातल्या पोरांना.

चौथीतली राही त्या सरावात एकदा चुकली. बोटं भातात गेली. साळवींनी सगळ्यांदेखत तिचं मनगट धरलं, कागदी रुमालानं बोटं पुसली आणि म्हणाले, घाण हात. तिथं असा हात ताटात गेला तर त्या मुलाला परत पाठवणार आणि वाडीतलं एकही मूल पुन्हा नेणार नाही. बाई त्या वेळी पासपोर्टच्या कामासाठी रत्नागिरीला गेल्या होत्या. त्यांना कुणी हे सांगितलं नाही. पोरगी तर मुळीच सांगणार नव्हती. तिच्या आईनं, सावित्रीनं, सासरच्या माणसांशी भांडून तिला पाठवायचं ठरवलं होतं. मुलीची जात, एवढीशी, समुद्रापलीकडं कशाला, असं घरात चाललं होतं, आणि सावित्री मासळीची पाटी उतरवून एवढंच म्हणाली होती की जाईल आणि येईल.

मुलांबरोबर बाई आणि साळवी गेले. श्रीलंकेत पहिल्याच जेवणाला ताटात आली पेडव्यांसारखी बारीक मासळी, नारळाच्या रसातली, आणि भात. तिथली मुलं पाचही बोटांनी जेवत होती. आमच्या मुलांपुढं मात्र साळवींनी मुद्दाम सांगून फोर्क मांडून घेतलेले. राहीनं फोर्कनं तुकडा तोंडात घातला आणि मासळीचा काटा घशात अडकला. बाईंनी भाताचा गोळा गिळायला लावून तो उतरवला, पण त्यानंतर पोरीनं ताटाला हात लावला नाही. तोंड मिटून बसायची. केळं तेवढं खायची. बाकीची पोरंही पावावरच भागवत होती.

बाईंना आधी वाटलं, आईची आठवण येतेय. त्यांनी मांडीवर घेतलं, गोष्टी सांगितल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. साळवींनी मग फार विचार केला नाही. त्यांच्या ओळखीचं एक जोडपं पुढच्या सकाळच्या विमानानं मुंबईला निघणार होतं, त्यांच्याबरोबर राहीला परत धाडायचं ठरवून टाकलं. तिकीट काढलं आणि मग बाईंना सांगितलं. वर म्हणाले, पुढच्या खेपेला मुलीच नकोत, झेपत नाही त्यांना. वाडीत काय बोललं जाईल ते बाईंना तिथंच ऐकू आलं. सावित्रीच्या तोंडावर सगळं घर बोलणार होतं.

दुपारचं जेवण वाढलं जात होतं. बाई राहीजवळ खाली बसल्या. घरी जायचंय का, असं त्यांनी विचारलं. पोरीनं जोरजोरात मान हलवली, नाही. मग जेवत का नाहीस? तिनं ताटाजवळच्या फोर्ककडं बोट दाखवलं.

"बाई, काटं बोटांना समाजतात," ती हळूच म्हणाली. "ह्याला नाय समाजत. आन् हात लावला तर साळवीकाका मला परत पाठवणार, वाडीतल्या कुनालाच पुन्हा नाय नेणार. माझं हात घाण हायत ना."

बाईंनी चष्मा काढला.

या वेळी पुसायला त्यांना फार वेळ लागला, कारण डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. समुद्रकाठी जन्मलेल्या, आईबरोबर मासळी निवडत मोठ्या झालेल्या पोरीला भरल्या ताटापुढं उपाशी ठेवलं होतं, आणि तेही कशासाठी, तर साळवींना आपल्या माणसांची लाज वाटते म्हणून. पाणी वरून ओतणारे हात गेले असतील, शब्द तेच राहिले होते.

त्या उठल्या, राहीला घेऊन नळावर गेल्या, तिचे आणि स्वतःचे हात धुतले. परत येऊन राहीच्या शेजारी बसल्या, फोर्क बाजूला ठेवला आणि भात कालवला. मासळीचा तुकडा बोटांनी उकलून काटा ताटाच्या कडेला काढला आणि पोरीकडं बघून मान डोलावली. राहीनं आधी साळवींकडं पाहिलं. मग हात ताटात घातला. बाकीच्या पोरांनी फोर्क कधी टाकले ते कुणालाच कळलं नाही. समोरच्या बाकावरची तिथली मुलं हसली आणि वाढणाऱ्या आजींनी भाताचं भांडंच आमच्या टेबलावर आणून ठेवलं.

साळवी तरातरा आले. मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकायचे आहेत, हे असले फोटो टाकायचे का, शिस्त मोडलीत, मंडळ पुढं तुमच्या शाळेचा विचार करणार नाही, असं बरंच काही खालच्या आवाजात बोलले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. हात भाताचाच होता.

"साळवीसाहेब," त्या म्हणाल्या, "राहीचं तिकीट रद्द करा. आणि होत नसेल, तर त्या विमानानं तुम्ही जा. इथं तुमचं काही काम नाही."

साळवींनी फोटोसाठी काढलेला फोन खिशात घातला. राहीनं ताट पुढं केलं आणि आजींकडं आणखी भात मागितला.