फक्त पहिला शब्द

नाटक मंडळीत त्यांना सगळे कुजबूजबाई म्हणत. विंगेतल्या अंधारात स्टुलावर बसायचं, संहिता मांडीवर ठेवायची आणि नट अडला की त्याला शब्द पुरवायचा, हे त्यांचं काम. त्यांचा एक नियम होता आणि त्यापायी त्यांनी भल्याभल्यांशी भांडणं केली होती. शब्द द्यायचा तो फक्त पहिला, पुढचं वाक्य नटाने आपलं आपण उचलायचं. "अख्खं वाक्य हवं असेल त्याने घरी बसावं," असं त्या तोंडावर सांगत. अशी बाई कुणाला आवडणार? पण अडल्यावर सगळ्यांचे डोळे त्यांच्याच विंगेकडे वळत.

आणि आता घरी पाठांतराला बसलं की त्यांच्या सख्ख्या थोरल्या भावालाच अख्खी वाक्यं लागू लागली होती.

दादा मंडळीतला सगळ्यात मोठा नट. तो नुसता उभा राहिला तरी मागच्या रांगेतला खोकणारा माणूस गप्प होई. त्याचं अडणं अजून बाईंशिवाय कुणाला कळलं नव्हतं, खुद्द दादालाही नाही. निदान तो तसं दाखवत नव्हता. शहरात कलासप्ताह लागला होता आणि शनिवारी त्याच्याच नाटकाने सांगता व्हायची होती. त्या दिवशी भरल्या नाट्यगृहात दादाची फजिती झाली तर?

दिग्दर्शकाने तालमींना सुट्टी दिली आणि दादाला हुरूप चढला. "जन्मभर लोकांची करमणूक केली, आता आपली करून घेऊ. ऊठ, कुजबुजे!"

पहिल्या संध्याकाळी चित्रप्रदर्शन. एका भल्यामोठ्या निळ्या चित्रापुढे दादा म्हणाला, "हा आपल्या दिग्दर्शकाचा भाऊ दिसतो. काहीही करतो आणि लोक माना डोलावतात." बाई खुदकन हसल्या. दालनाला फेरी मारून दोघं परत तिथेच आले, तर दादाने तेच वाक्य त्याच ठसक्यात टाकलं. बाई पुन्हा हसल्या, पण या वेळी चित्राकडे नाही, दादाकडे बघत.

जादूच्या प्रयोगाला मात्र गंमत झाली. जादूगार टोपीत हात घालून मुद्दामच गप्प राहिला आणि बाईंच्या तोंडून सवयीने निसटलं, "रुमाल!" सगळं सभागृह खदखदलं. दादाच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. "अगं, तो थांबला होता, अडला नव्हता! तुला एवढंही कळू नये?" थांबणं आणि अडणं यांतला फरक बाईंना चांगला कळत होता, म्हणून तर त्यांची झोप उडाली होती.

मग ते सिनेमाला गेले. मध्यंतरात दादा कॉफी आणायला म्हणून गेला तो आलाच नाही. बाईंनी जिना पाहिला, पुरुषांच्या स्वच्छतागृहाबाहेर उभं राहून हाका मारल्या, दारावरच्या माणसाला पिडलं. शेवटी तो शेजारच्या पडद्यापुढे सापडला. दुसराच सिनेमा, आणि हा दोन्ही हातांत कप धरून रंगून गेलेला. "होतीस कुठे इतका वेळ?" तो कुजबुजला, "गोष्ट किती पुढे गेली!" बाई शेजारी बसल्या आणि गार झालेली कॉफी प्यायल्या.

त्याच रात्री त्यांनी ठरवलं, दिग्दर्शकाच्या कानावर घालायचंच. पण सकाळी चहाच्या टेबलावर दादाने पहिला अंक घडाघडा म्हणून दाखवला, अगदी स्वल्पविरामासकट. बाई विरघळल्या. दिग्दर्शकाचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "दादा ठणठणीत आहे. आणि मी आहेच की विंगेत."

शनिवारी तिसरी घंटा झाली. पहिले दोन अंक दादाने असे गाजवले की बाईंना आपलीच लाज वाटू लागली. मग शेवटचा प्रवेश आला. मुलगी भांडून घर सोडून निघाली आहे, तिच्या हातात बॅग, बापाच्या, म्हणजे दादाच्या, हातात घराची किल्ली. बापाने म्हणायचं, "थांब. किल्ली घेऊन जा, दार तुझंच आहे." एवढंच वाक्य, पण सगळं नाटक त्यावर उभं.

मुलगी दाराशी पोचली. दादा गप्प.

थांबलाय की अडलाय? बाईंनी संहितेवरची नजर उचलली. दादाचे डोळे हळूच विंगेकडे वळले. अडला होता.

"थांब," बाईंनी शब्द दिला.

"थांब!" दादा गरजला. "होडी सोडू नकोस! वारा फिरलाय, दिसत नाही तुला?"

ते दुसरंच नाटक होतं. तिशीतल्या दादाने त्यात खलाशी केला होता आणि त्यातलं एक लांबलचक भाषण याच शब्दाने सुरू व्हायचं. शब्द बरोबर होता. दादाच शेजारच्या पडद्यापुढे जाऊन बसला होता. दिवाणखान्यातल्या सोफ्याशेजारी उभा राहून तो लाटांवर ओरडत होता, न अडखळता, आणि किती सुंदर! मुलगी झालेली नटी बॅग धरून थिजली होती. प्रेक्षागृहात कुणीतरी खाकरलं. समोरच्या विंगेत दिग्दर्शकाने पडद्याच्या दोरीला हात घातला.

बाईंनी जन्मभराचा नियम मोडला. नटीला अख्खं वाक्य दिलं, तेही जवळजवळ ओरडून. "बाबा, माझी किल्ली द्या!"

पोरगी हुशार. बॅग टाकून तिने हात पुढे केला. "बाबा, माझी किल्ली द्या ना."

दादाने आपल्या मुठीकडे पाहिलं. मूठ उघडली. किल्ली दिसताच त्याचा चेहरा असा काही कोसळला की तसा तो कुठल्याच तालमीत कोसळला नव्हता. त्याने किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. पडदा पडला. टाळ्यांनी छत उडायचं बाकी राहिलं. म्हाताऱ्या बापाचं भरकटणं लोकांना लेखकाची करामत वाटली.

दिग्दर्शक धावत आला. तो पांढराफटक पडला होता. "हे काय होतं? पुढच्या महिन्याच्या प्रयोगांचं काय करायचं?"

दादाने त्याच्याकडे पाहिलंच नाही. तो बाईंच्या स्टुलापाशी आला आणि एखादा पोर उभा राहावा तसा उभा राहिला. "कुजबुजे, मी कुठे गेलो होतो गं? पुढे काय आहे? सांग ना."

बाईंच्या ओठांवर अख्खं वाक्य आलं होतं. त्यांना ते म्हणवेना. त्यांनी संहिता मिटली, दादाचा हात धरला आणि फक्त पहिला शब्द दिला.

"थांब, दादा."

दादा गप्प राहिला. बाईंनी त्याचे डोळे पाहिले. या वेळी तो अडला नव्हता.

"आता थांबायचं," त्याने वाक्य पुरं केलं. "बरोबर ना?"