बाबाराव उपाशी नव्हता

गोदामाच्या मालकाने बाबारावला फसवलं, आणि बाबाराव मेल्यावर त्याच्या बायकोवरही आळ घेतला. धान्याला कीड लागू नये म्हणून विषारी गोळ्या ठेवून बंद केलेलं गोदाम त्याने मुदतीआधी उघडलं आणि हमालांना सांगितलं, "काल दिवसभर दारं उघडी होती, बिनघोर आत जा." बाकीचे दाराशी पोती घेत राहिले. बाबाराव आत पोत्यांच्या थप्पीवर चढला.

मानवतच्या बाजारात मी आणि बाबारावने एकत्र पोती वाहिली. पुढे मी आडत दुकान टाकलं, तो हमालीतच राहिला. दुकानात येऊन सगळ्यांदेखत मला सुनवायचा, "शेटजी झालास, पण भाव करताना अजून हमालावानीच वरडायलास की!" पोत्याला हात लावण्याआधी तो ओट्यावर फडकं सोडायचा. ज्वारीच्या भाकरी, तेल घातलेला ठेचा, कांदा. मुकादम ओरडो, ट्रक खोळंबो, तो उठायचा नाही. "इंजनात काही टाकल्याबिगर गाडी हलते व्हय?" त्या सकाळीही तो असाच जेवला. वाटेत मला थांबवून त्याने अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली होती.

दुपारी फोन आला. परभणीच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा तो शुद्धीवर होता, पण हातपाय गार. "सडक्या मासळीवानी वास यायलाता रे आत... आता मूठ बी वळंना." ज्याने दंड धरला की वळ उठायचा, त्याला माझं बोट धरवेना. संध्याकाळी गेला.

मी डॉक्टरीणबाईंवर ओरडलो. श्वास चालू होता, सलाईन चालू होतं, मग माणूस गेला कसा? त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, अंगातली प्रत्येक पेशी अन्नातून आलेली साखर प्राणवायूच्या मदतीने जाळते, त्यातून बळ मिळतं. त्या गोळ्यांचा वायू नेमकं हे जाळणंच बंद पाडतो. मला ते माझ्या धंद्याच्या भाषेत कळलं. माल यार्डात पडलेला, गिऱ्हाईक दारात उभं, आणि वजनकाटाच बंद. पोटात भाकरी, छातीत हवा... आणि पेशी न् पेशी उपाशी.

आता मालक बाजारभर सांगत फिरतो, "उपाशीपोटी आला होता, चक्कर येऊन पडला." दहाव्याला बाबारावची बायको गंगाबाई चारचौघांत मला म्हणाली, "भाऊजी, तुमीच सांगा, मी उपाशी धाडलं व्हय त्यायला?" अजूनही ती पहाटे जास्तीच्या भाकरी थापते, फडक्यात बांधते, आणि मग हात तसाच गाठीवर ठेवून बसते.

परवा मालकाचा मुनीम माझ्याकडे आला. "तुमी व्यवहारी माणूस, मधी पडून पैशावर मिटवून टाका." मी त्याला पायरीवरूनच हाकललं. जन्मभर घासाघीस केली, मूठभर दाण्यांसाठी लोकांशी भांडलो, पण हा सौदा नाही.

मालक, भरबाजारात गंगाबाईसमोर उभा राहा. गोदाम कुणाच्या हुकमाने उघडलं ते सांग. दारं दिवसभर उघडी होती असं खोटं का बोललास ते सांग. आणि तिने पोटभर जेवू घालून पाठवलेल्या माणसाला उपाशी म्हणायची तुझी हिंमत कशी झाली, याचं उत्तर दे!