आतेभावाने सांगलीत नाव घेतलं

माझ्या आतेभावाइतका एकटं राहायला नालायक माणूस अख्ख्या सातारा-सांगलीत सापडायचा नाही, आणि त्यानेच एकपात्री प्रयोग करायचं मनावर घेतलं. त्याला चहासुद्धा एकट्याने घशाखाली उतरत नाही. शिराळ्याहून एसटीत बसला की सांगली येईपर्यंत शेजारच्या प्रवाशाच्या मुलीला त्याने स्थळ सुचवलेलं असतं. नोकरीसाठी टोरांटोला गेला, तर तिथेही गणपती बसवून इमारतीचा सगळा मजला आरतीला उभा केला. आत्या इकडून फोनवर आरती म्हणायची, तो फोन मूर्तीशेजारी टेकवून ठेवायचा आणि तिथले शेजारी आधी गणपतीला व मग आत्याला मनोभावे हात जोडायचे.

प्रयोग त्याचा स्वतःचाच होता: गावातला मुलगा, मुलावर जीव जडलेला, देव्हारा बॅगेत घालून परदेशी गेलेला. सुट्टीवर आला तेव्हा तालमी आमच्या सोप्यात चालत. आई, भटजी, विमानतळावरचा अधिकारी, सगळे तोच. एकदा अधिकाऱ्याच्या आवाजात तो गरजला की इथे का आलात, किती दिवस राहणार. दोर मागायला आलेले शेजारचे तात्या दारातच थबकले आणि म्हणाले, "दोर घिऊन लगीच निघतो की." तो नऊवारी नेसून आईची भूमिका करायचा तेव्हा आमच्या बायकांनी फक्त निऱ्यांना नावं ठेवली. सांगलीकडे पुरुषाने लुगडं नेसून रंगमंचावर यायचं कुणाला नवल नाही.

प्रश्न होता तो त्याच्या वडिलांचा. आबा सैन्यातून सुभेदार होऊन आले आणि उसात रमले. पोरगा ज्याच्याबरोबर संसार करतो, त्याला ते गावात 'खोलीतला जोडीदार' म्हणत आणि विषय पाण्याच्या पाळीवर नेत. सांगलीतल्या प्रयोगाला आले, पण उठून जाता यावं म्हणून कडेच्या खुर्चीवर बसले. आतेभावाचं सगळं लक्ष त्या खुर्चीकडे. आबा उठले असते तर तो पुन्हा गावाकडे फिरकला नसता, हे मला ठाऊक होतं.

शेवटाकडे तो सांगू लागला, की मी घरी उशिरा पोचलो की तो जेवायचा थांबतो, तो माझ्यासाठी वरण करायला शिकला. भावकीतल्या बायका घरच्या कार्याला यावं तशा पुढच्या दोन रांगा भरून बसल्या होत्या. त्यातली थोरली चुलती सवयीने बोलून गेली, "आरं, नुसतं तो तो काय लावलंयस? नाव घे की." लग्नघरात जोडीदाराचं नाव घेतल्याशिवाय या बायका कुणाला उंबरा ओलांडू देत नाहीत. इथेही त्यांनी तेच केलं.

पाठ केलेल्या संहितेत हे नव्हतं. माझा आतेभाऊ आबांकडे बघू लागला. आबांनी टोपी सारखी केली.

"घे रं," ते म्हणाले. "माणसं ताटकळल्यात."

त्याने नाव घेतलं, "बर्फाच्या गावात तुळस ठेवली खिडकीत, मार्कसचं नाव घेतो आबांच्या बैठकीत."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी रडलो, आणि रडण्याची लाज वाटली नाही. जिथे सहज टाळ्या मिळाल्या असत्या अशी गावं सोडून तो आमच्यात आला, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

तो परत गेल्याला आता बरेच महिने झाले. सोपा सुना वाटतो. रविवारी त्याचा फोन आला की आबा आधी तुळशीची चौकशी करतात, मग विचारतात, "मार्कस जेवला का?"