लेकीच्या हातचं

वाइन चाखून झाली की ग्लासात उरलेली ओतायला टेबलावर एक स्टीलचं भांडं ठेवलेलं असतं. आवडली नाही तर तोंडातलीसुद्धा त्यात थुंकायची, असं नाशिकच्या वायनरीतली मुलगी हसत सांगत होती. आमच्या भावजींनी, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या भावानं, ते भांडं एका बोटानं टेबलाच्या पार कडेला सरकवलं. पानात वाढलेलं टाकायचं नाही हा आमच्या घरचा नियम, आणि तो आम्हा सगळ्यांना त्यांनीच आयुष्यभर ऐकवलेला. "आमच्यात टाकत न्हाईत," ते म्हणाले आणि स्वतःचा ग्लास रिकामा केला. मग माझ्या नवऱ्यानं अर्धा ठेवलेलाही केला. असं प्रत्येक प्रकाराला. शेवटच्या लाल वाइनपर्यंत त्यांचे कान तिच्याच रंगाचे झाले होते.

आमच्या घरात ही गोष्ट अजून हसतहसत सांगितली जाते. पाहुणे आले की भावजींच्या कानांचं वर्णन होतंच. मला मात्र त्या सहलीचं नाव निघालं तरी डोकं तापतं. का तापतं ते कुणी विचारत नाही, म्हणून इथं लिहून टाकते.

सोलापुरात नवी पेठेत आमचं साड्यांचं दुकान आहे. दोघा भावांचं. आम्ही शंकराचे भक्त, गळ्यात लिंग, आणि दारूचा विषय निघाला की माझ्या जाऊबाई, ज्यांना मी अक्का म्हणते, त्या कानांना हात लावतात. अशा घरातली माणसं वायनरी बघत हिंडायला निघाली ती भावजींच्या एका मित्रामुळे. शेजारच्या दुकानाचे मालक. त्यांनी नाशिकच्या वायनऱ्यांचे फोटो मोबाइलवर पाठवले. हिरव्यागार बागा, लाकडी पिंपं, उंच ग्लास. भावजींना साठी जवळ आल्यावर काहीतरी करून बघायची हुक्की आली होती. "दारू न्हाई ओ ती," ते अक्कांना समजावत होते. "द्राक्षाचा रस हाय. हार्टला लई चांगला म्हणतेत."

मला त्या रसाशी काही घेणं नव्हतं. मी गेले ते लेकीसाठी. माझी एकुलती एक मुलगी फूड टेक्नॉलॉजी शिकून नाशिकजवळच्या एका वायनरीत नोकरीला लागली होती. टेस्टिंग रूममध्ये. येणाऱ्या लोकांना वाइन ओतून द्यायची, ती कशी बनते ते सांगायचं, तळघर फिरवून दाखवायचं. भावजी दुकानात गिऱ्हाइकांना सांगायचे, "पुतणी द्राक्षाच्या कंपनीत हाय. ऑफिसात." मी खालमानेनं पदराच्या घड्या घालत ते ऐकायची आणि दात आवळायची. दोन वर्षं झाली होती तिला लागून आणि ती दिवसभर कुठं उभी राहते, खिडकीतून तिला काय दिसतं, हे मी पाहिलेलं नव्हतं. तेवढंच मला बघायचं होतं.

निघायच्या आधी तिचा फोन आला. "अव्वा, शेंगाची चटणी जास्त आण. आणि कडक भाकरी. आमच्या लाल वाइनबरोबर ती कशी लागते ते बघायचंय मला, मॅनेजरला सांगून ठेवलंय. तुमच्यासाठी खिडकीजवळचं टेबल धरते. शेवटी माझ्याकडं या, म्हणजे निवांत बसता येईल." मी दाणे भाजले, उखळात कुटले. मिक्सरची चटणी तिला चालत नाही. कुटताकुटता तेल सुटलं आणि हाताला लागलं तसं मला लेकीच्या डब्याचे दिवस आठवले. डबा भरून वर फडकं बांधलं आणि गाडीत मांडीवर घेऊन बसले.

पहिल्या वायनरीत आम्ही शिरलो तेव्हा आंबवलेल्या इडलीच्या पिठासारखा वास होता. मला तो ओळखीचा वाटला. काउंटरमागे उभी असलेली मुलगी माझ्या लेकीच्याच वयाची. तिनं हात जोडले. "नमस्कार. आज मी तुम्हाला आमच्या वाइन चाखवणार आहे. आधी रंग बघा. मग वास घ्या. मग एक छोटा घोट, गिळायची घाई करू नका." माझी लेक रोज हेच म्हणत असणार, असं वाटून मी कान देऊन ऐकत राहिले. भावजींनी मधेच सांगून टाकलं, "लेडीजला ज्यूस द्या." मग मी आणि अक्का, दोघी द्राक्षाचा ज्यूस पीत बसलो. मला विचारायचीही पद्धत नाही आमच्यात.

त्या मुलीनं भावजींच्या ग्लासात तळाला बोटभर वाइन ओतली. ते बघून त्यांना खरंच वाईट वाटलं. "येवढीच? हात सैल सोड की बाळ. आमच्या सोलापुरात पानावर आडवा हात येईपतूर वाढतेत." मुलगी हसली, पुन्हा थोडी ओतली. भावजींनी तिला गाव विचारलं, आईवडील काय करतात ते विचारलं. आणि मग, मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, ते म्हणाले, "शाब्बास. पोरींनी असंच धीट पायजे. आमच्या घरच्यांना दाखवायला एक फोटो काढू दे." फोटो मीच काढला. भावजी मधे, ती मुलगी बाटली धरून, बाजूला माझा नवरा. तो फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे, मी मुद्दाम ठेवलाय.

दुसऱ्या ठिकाणी तेच. तिसऱ्या ठिकाणी ओतायला मुलगा होता, तर भावजींना करमलं नाही. "पयल्या पोरीच्या हाताला गोडी होती," म्हणाले.

मग आम्ही माझ्या लेकीच्या वायनरीकडे निघालो. म्हणजे मला तसं वाटत होतं. ती ज्या रस्त्यावर आहे तिथं गाडी लागली तशी मी मागच्या सीटवरून ड्रायव्हरला म्हणाले, "पुढं उजव्या हाताला पाटी दिसेल, तिथं घ्या."

"सरळ घे," भावजी म्हणाले.

मला वाटलं त्यांना चढलीय. मी पुन्हा सांगितलं. ते मागं न बघता बोलले, "तितं न्हाई जायचं. आपल्याच पोरीनं आपल्याला ओतून द्यायची? चार लोकांत बरं दिसतंय का ते? कोन ना कोन सोलापूरचं भेटतंयच हितं."

"सकाळपासून कुणाच्या तरी पोरींनीच ओतली ना तुम्हाला?" मी म्हणाले.

"ती लोकांची पोर."

एवढं सरळ उत्तर. लोकांची पोर. तिच्याबरोबर फोटो काढायचा, तिला शाब्बास म्हणायचं, आणि आपली पोर तेच करत असली की मान वळवायची. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी नवऱ्याकडे बघितलं. तो बाहेरच्या बागा बघत होता, जणू द्राक्षं पहिल्यांदाच पाहतोय. "घरी गेल्यावर बोलू," तो पुटपुटला. अक्कांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी तो बाजूला केला.

"गाडी थांबवा," मी ओरडले. ड्रायव्हरनं आरशात भावजींकडे पाहिलं. गाडी भावजींच्या नावानं ठरवली होती. ती थांबली नाही.

आणि ती मला दिसली. कमानीच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला उभी होती. काळा एप्रन, केस घट्ट बांधलेले, उन्हासाठी एक हात कपाळावर. आमच्या गाडीची एम एच तेराची पाटी तिनं लांबूनच ओळखली असणार. तिनं हात वर केला आणि दोन पावलं पुढं आली. आम्ही तिच्यासमोरून निघून गेलो.

लगेच फोन वाजला. "अव्वा, तुम्ही पुढं गेलात! असू दे, पुढच्या चौकातून वळून या. मी इथंच थांबते."

तिला वाटलं आम्ही चुकलो. मी स्पीकर लावला, सगळ्या गाडीला ऐकू जावं म्हणून. "चुकलो नाही बाळा. तुझ्या दोडप्पांनी थांबू दिलं नाही." आमच्याकडे थोरल्या काकांना दोडप्पा म्हणतात. लहानपणी हीच पोर त्यांच्या खांद्यावर बसून गड्ड्याच्या जत्रेत फिरली होती.

मग ती म्हणाली, "बरं. चटणीचा डबा नीट बंद कर. तेल गळतं त्याचं." आणि फोन ठेवला.

सोलापूर येईपर्यंत मी एकदाच बोलले. भावजींना म्हणाले, "तुम्ही आयुष्यभर गिऱ्हाइकापुढं बसून साड्या उलगडल्या. पदर कसा दिसतो हे दाखवायला तो स्वतःच्या खांद्यावर टाकता, निऱ्या स्वतःच्या कमरेला धरता. तेव्हा लाज वाटत नाही. माझी लेक ग्लासात वाइन ओतते त्याची वाटते?" ते म्हणाले, "धंदा हाय त्यो." मी म्हणाले, "मग ती करते ती काय पूजा आहे? तोही धंदाच." त्यांनी डोळे मिटून घेतले. झोप लागल्याचं सोंग त्यांना छान जमतं.

घरी गेल्यावर नवऱ्यानं विषय काढला नाही आणि मी काढला की तो दुकानात जायचा. चटणी मी कुणाला खाऊ दिली नाही. डबा तसाच फडताळात ठेवला.

पुढं थोड्याच दिवसांत भावजींची साठी आली. घरातच कार्यक्रम, वरच्या हॉलमध्ये पंगती. अक्कांनी लेकीला फोन करून बोलावलं. मी तिला येऊ नको म्हणाले होते. "अक्कांनी बोलावलंय अव्वा, त्यांचा काय दोष," म्हणून ती रजा काढून आली. सकाळी स्वामींच्या हस्ते पूजा झाली, तिनं दोडप्पांना नमस्कार केला, त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. नाशिकचं नाव दोघांनीही काढलं नाही.

पहिली पंगत बसली. पानं मांडली, भात-आमटी वाढून झाली आणि आता हुग्गी यायची. हुग्गी म्हणजे आमच्याकडची गव्हाची, गूळ घातलेली खीर. तिच्याशिवाय आमचं कार्य होत नाही. आणि भावजींचा दुसरा नियम असा की हुग्गी घरच्या लेकीनंच वाढायची. पातेलं उचलता येत नव्हतं त्या वयापासून माझी लेक ती वाढत आलीय. सगळे पाहुणे बसलेले, मित्र, व्यापारी, सोयरे. भावजी पंगतीच्या सुरुवातीला, नवा शेला घेऊन. त्यांनी मोठ्यानं हाक मारली, "कुटं गेली लेक आमची? हुग्गी तिच्याच हातची पायजे!"

ती पातेलं घेऊन निघाली. मी दारातच ते धरलं.

"ती नाही वाढणार," मी म्हणाले. आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "तिच्या हातची तुम्हाला लाज वाटते ना भावजी? मग आज कशाला हवी?"

"काय बोलायलीस?" ते म्हणाले. "आज कार्य हाय घरात." माझा नवरा उठून आला. मी पातेलं सोडलं नाही.

"अव्वा, दे इकडं," लेक म्हणाली. हळूच म्हणाली, पण मला सोडावंच लागलं. ती सरळ भावजींच्या पानासमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, हिनं माझं तोंड बंद केलं. आता निमूट वाढणार, आणि सगळं होतं तसं चालणार.

तिनं पातेलं खाली ठेवलं आणि हात जोडले.

"नमस्कार," ती म्हणाली. स्पष्ट, हॉलच्या टोकापर्यंत जाईल असा आवाज. असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. "मी नाशिकला वाइनच्या टेस्टिंग रूममध्ये काम करते. लोकांना वाइन ओतून देते आणि ती कशी चाखायची ते सांगते. आज इथं हुग्गी वाढणार आहे." पळी भरून तिनं पानावर धरली. "दोडप्पा, आधी रंग बघा. मग वास घ्या. मग एक घास. गिळायची घाई करू नका."

कुणी हसलं नाही. भावजींच्या शेजारच्या पानावर त्यांचे तेच मित्र बसले होते, फोटो पाठवणारे. त्यांनी मान वर करून लेकीकडे पाहिलं, मग भावजींकडे. "आं? पोरगी तितं असती व्हय?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं, त्यात काही टोमणा नव्हता. "मंग तुमी परवा येवढं नाशिक फिरून आलासा, पोरीकडं गेला न्हाईसा?"

भावजींचे कान पुन्हा त्या वाइनसारखे लाल झाले. लेक पळी धरून वाट बघत होती. मग त्यांनी उजवा हात उचलला आणि पानावर आडवा धरला.

हात आडवा आला की वाढायचं नाही, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. तिनं पळी मागं घेतली, पातेलं उचललं आणि पुढच्या पानाकडे गेली. "मला वाढ बाळ," ते मित्र म्हणाले आणि खरोखरच वाकून हुग्गीचा वास घेतला.

ती पंगतीच्या टोकाला पोचेपर्यंत भावजींचा हात पानावरच होता. स्वतःच्या साठीच्या दिवशी त्यांनी आमटीभात खाल्ला आणि उठले. मला वाईट वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी चटणीचा डबा मी लेकीच्या बॅगेत घातला. पुढच्या महिन्यात मी एसटीनं एकटी जाणार आहे. खिडकीजवळचं टेबल धरायला सांगितलंय, आणि ज्यूस नको म्हणून सांगितलंय.