अर्धा वैद्य, अर्धा मारेकरी

आमच्या माजलगावच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला ऑनलाइन गेमचा नाद. त्यात दोन तऱ्हेचे योद्धे जोडून तिसरा घडवता येतो. इंजेक्शन भरताना तो हमखास सांगतो, "काका, माझा नवा गडी अर्धा वैद्य, अर्धा मारेकरी हाय. जमवायला लई अवघड." पन्नाशीतही सुईला घाबरणारा मी कसाबसा हसतो.

काल त्यानं भरलेलं इंजेक्शन उजेडात धरलं, बाटलीकडं पाहिलं आणि सगळं बेसिनमध्ये रिकामं केलं.

"कावून ओतलंस रे?"

"बाटली दुसरीच उचललती, काका."

मग नवी बाटली त्यानं माझ्यापुढं धरली. "नाव तुमी बी वाचा. तुमी हो म्हणल्याबिगर टोचणार न्हाई."

चष्मा घरीच राहिला होता, पण सांगायची लाज वाटली. डोळे बारीक करून मी म्हणालो, "बरोबर हाय," आणि बाही वर केली.