ताबुतानीचा पहिला घोट

काप्सीवोतच्या टेकडीवर कुणाचं पोट बिघडलं, की माणूस औषधाच्या दुकानावरून सरळ पुढे चालत जाई आणि ताबुतानीच्या दारात थांबे. दुकान जवळ होतं, तिचं घर चढावर होतं, तरीही. ताबुतानी काही विचारत नसे. आतल्या काळोख्या कोपऱ्यातून वाळक्या भोपळ्याचा तुंबा आणायची, दोनदा हलवायची आणि वाटीत मुर्सिक, म्हणजे त्यातच आंबवलेलं दूध, ओतायची. राखाडी निळसर, दाट, वर कोळशाचे बारीक कण तरंगणारं. वाटी रिकामी झाली की म्हणायची, "आता घरी जा. पोटाला आपलं काम करू दे."

तिचं मुर्सिक टेकडीवर पहिल्या नंबरचं होतं, आणि ते उगाच नव्हतं. तुंबा ती ताडाच्या काड्यांच्या कुंच्यानं आतून घासायची. मग सेनेत्वेतच्या झुडपाची जळती फांदी आत घालून कोळसा कडांना चोळायची. हे काम तिनं सुनेलासुद्धा कधी करू दिलं नव्हतं. उकळून गार केलेलं दूध भरलं, की त्या तुंब्याला आठवडाभर कुणी हात लावायचा नाही. लग्न असो, पोरांची सुंता असो, शर्यत जिंकून परतलेला धावपटू असो, पहिला तुंबा ताबुतानीचा. दुसरा तुंबा टापलेलेइचा. टापलेलेइ शेजारच्याच कुंपणापलीकडे राहायची आणि गेली तीस वर्षं दुसरी होती.

एकदा रेडिओवर एक डॉक्टर सांगत होते, की आंबवलेलं दूध आतड्याला चांगलं असतं आणि त्यानं आतड्याच्या कर्करोगाचा धोकाही कदाचित थोडा कमी होत असावा, पण अजून खात्रीनं सांगता येत नाही. ताबुतानीनं भाजीचे देठ काढावेत तसं त्यातलं 'कदाचित', 'थोडा' आणि 'खात्रीनं सांगता येत नाही' एवढं काढून टाकलं आणि उरलेलं टेकडीभर वाटलं.

"आमच्या घरात चार पिढ्या कुणाच्या आतड्याला आजार शिवलेला नाही," ती सांगायची. "आता रेडिओलाही कळलं."

अशा बाईला शौचातून रक्त पडू लागलं.

पहिल्या वेळी तिनं रानभाजीला दोष दिला. दुसऱ्या वेळी बसच्या कडक बाकाला. चौथा महिना लागला तेव्हा दोष द्यायला काही उरलं नाही. मरणाची तिला फारशी भीती नव्हती. ते एकदा घरी येऊन नवऱ्याला घेऊन गेलं होतं, त्यामुळे ओळख होती. भीती होती ती कुंपणापलीकडची. मुर्सिकवालीच्याच आतड्यात रोग निघाला, हे टापलेलेइला कळलं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या टेकडीला कळणार, आणि मग त्या तुंब्यातलं दूध कुत्रंही पिणार नाही.

मुलगी जेप्तानुई काप्साबेतला शाळेत शिकवायची. सुटीला घरी आली आणि आई आपले कपडे कुणाला धुवू देत नाही, हे तिच्या लक्षात आलं. दोन दिवस तिनं गोड बोलून पाहिलं, तिसऱ्या दिवशी दारात आडवी उभी राहिली.

"आई, रक्त कधीपासून पडतंय?"

"कसलं रक्त?"

"मी तुझीच मुलगी आहे. खोटं बोलताना तू झाकणं पुसायला लागतेस. हातातलं झाकण खाली ठेव."

ताबुतानीनं झाकण खाली ठेवलं. एल्डोरेटच्या मोठ्या रुग्णालयात जायचं ठरलं. टेकडीवर मात्र तिनं सांगितलं, की चष्मा करायला चालले आहे.

आतड्यात नळी घालून तपासायचं, तर आतडं धुतल्यासारखं स्वच्छ लागतं. नर्सनं आदल्या दिवसाचं पथ्य नीट समजावलं होतं: जेवण नाही, दूध नाही, फक्त पाणी आणि बिनदुधाचा चहा, आणि दुपारनंतर पोट साफ करायचं औषध. ताबुतानीनं मक्याच्या उगालीचा घास घेतला नाही, पाल्याची भाजी खाल्ली नाही. बिनदुधाचा चहा तिनं डोळे मिटून घेतला. "असा चहा तुरुंगात देतात," एवढंच म्हणाली. रात्रभर औषधानं तिला बसू दिलं नाही. पहाटे पोट इतकं रितं वाटू लागलं, की प्रवासाच्या लहान तुंब्यातून तिनं मोठाल्या दोन वाट्या घेतल्या. आदल्या संध्याकाळीही घेतल्याच होत्या.

तपासणीनंतर डॉक्टर मकोखाबाई खुर्ची ओढून तिच्यापाशी बसल्या. तरुण होत्या, पण चेहरा दमलेला.

"आई, मला आत काहीच दिसलं नाही. जिकडे बघावं तिकडे काळे कण. कोळशाच्या वखारीत शिरल्यासारखं वाटलं. काल काय खाल्लंत?"

"काही नाही."

"दूध?"

"दुधाला हात लावला नाही. देवाशप्पथ."

जेप्तानुईनं सावकाश विचारलं, "आई, मुर्सिक?"

ताबुतानीनं मुलीकडे असं पाहिलं, की ही शाळेत नेमकं शिकवते तरी काय. "मुर्सिक काय दूध आहे का? ते औषध आहे."

जेप्तानुईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. डॉक्टरबाई हसल्या नाहीत, पण ते त्यांना जड गेलं.

"आई, मुर्सिक जरूर प्या. माझाही त्याच्यावर विश्वास आहे. पण ते राखणदार आहे. राखणदार ठेवला म्हणून घरात कधी डोकवायचंच नाही का? पुढच्या शुक्रवारी परत या. तेव्हाही नीट दिसलं नाही, तर पुढची तारीख दोन महिन्यांनी मिळेल. रक्त पडत असताना दोन महिने थांबू नये."

ताबुतानी बिनचष्म्याची घरी परतली. टापलेलेइ कुंपणापाशी उभीच होती.

"चष्मा कुठे?"

"काचा घासताहेत. शुक्रवारी मिळेल."

"इतका वेळ? काय, खिडकीच्या काचा बसवताहेत की काय?"

आठवडा कसाबसा सरला. गुरुवारची सकाळ उजाडली. ताबुतानीच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं, आणि नेमकी त्याच दिवशी किमाइयोची जीप टेकडी चढून आली. किमाइयो ताबुतानीच्या दिराचा नातू. परदेशातली लांबची शर्यत जिंकून आला होता, ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी. शाळेच्या मैदानावर सगळी टेकडी लोटली. त्याच्या गळ्यात वेलीचा हार पडला, बायकांनी गाणं धरलं, आणि मुख्याध्यापक अराप मेली यांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला. तो मिळाला की ते लवकर सोडत नसत.

"आता पहिला तुंबा!"

मण्यांनी सजवलेला तुंबा घेऊन ताबुतानी पुढे आली. वाटीत मुर्सिक ओतलं. आता रीत एकच होती. जिनं तुंबा भरला, तिनंच पहिला घोट घ्यायचा. या दुधात ना विष आहे, ना मत्सर, एवढं पाहुण्याला पटवायचं. तो घोट आपण होऊन दुसऱ्यावर ढकलता येत नाही. न घेतलेला घोट लोक वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

ताबुतानीनं वाटी ओठांना लावली, मान मागे केली आणि वाटी किमाइयोच्या हाती दिली.

"थांबा!" टापलेलेइ ओरडली. "ती प्याली नाही! गळा हलला नाही!"

गाणं मध्येच थांबलं. किमाइयो वाटी धरून उभा.

"हलला," ताबुतानी म्हणाली.

"तीस वर्षं तुझा गळा बघतेय मी. गिळतेस तेव्हा इथली शीर वर येते. आली नाही."

माणसं कुजबुजू लागली. मुख्याध्यापक गडबडीनं जवळ आले, म्हातारीला बोलता यावं म्हणून ध्वनिक्षेपक तिच्यासमोर धरला. ताबुतानीनं एकदा वाटीकडे पाहिलं. एक घोट. एका घोटानं काय होणार होतं? पण डॉक्टरबाईंचा दमलेला चेहरा आणि ती काळी वखार तिच्या डोळ्यासमोर आली. तिनं जेप्तानुईकडे पाहिलं. जेप्तानुईनं नाही म्हणून मान हलवली.

"मला रक्त पडतंय," ताबुतानी हळूच म्हणाली. ध्वनिक्षेपकानं ते मैदानापलीकडच्या चहाच्या मळ्यापर्यंत पोचवलं. "चार महिने. उद्या आतडं तपासणार आहेत. हे प्यायले तर आत कोळसाच कोळसा दिसतो आणि डॉक्टरबाईंना काही कळत नाही. एकदा झालंय तसं. म्हणून घोट घेतला नाही. दूध चांगलं आहे. चष्म्याचं खोटं होतं."

 

किमाइयो पुढे झाला. "आजी, शर्यतीच्या आदल्या दिवशी मीसुद्धा मुर्सिक घेत नाही," तो म्हणाला. पण वाटी त्याच्या तोंडाकडे जात नव्हती. रीत राहिली होती. पहिला घोट झाला नव्हता.

तेव्हा टापलेलेइ गर्दीतून पुढे आली. स्वतःचा तुंबा तिनं खाली गवतावर ठेवला, तीस वर्षांत पहिल्यांदा. किमाइयोच्या हातातली वाटी घेतली, सगळ्यांना दिसेल अशी मान उचलली आणि मोठा घोट घेतला. गळ्याची शीर चांगली वर आली.

"बघितलंत?" ती ओठ पुसत म्हणाली. "काही नाही यात." आणि ध्वनिक्षेपक अजून समोर आहे हे पाहून पुढे म्हणाली, "थोडं आंबट झालंय, एवढंच."

हशा उठला, गाणं पुन्हा सुरू झालं, किमाइयोनं वाटी रिकामी केली. ताबुतानी मात्र टापलेलेइकडे बघत राहिली. आंबट नव्हतं झालं. पण त्या दिवशी तिनं ते ऐकून घेतलं.

शुक्रवारी डॉक्टर मकोखाबाईंना सगळं स्वच्छ दिसलं. दोन गाठी होत्या. एक बारकी, दुसरी बोराएवढी. दोन्ही त्याच वेळी काढल्या. पंधरा दिवसांनी अहवाल आला. मोठी गाठ कर्करोगाच्या वाटेवर होती, पण तिथवर पोचली नव्हती.

"पुढच्या वर्षी परत बघू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि आता पोटभर मुर्सिक प्या."

टेकडीवर ताबुतानीच्या तुंब्याचं काही बिघडलं नाही. उलट पोट धरून येणाऱ्यांची गर्दी वाढली. फरक एवढाच, की आता ती वाटी भरण्याआधी विचारायची, "रक्त पडतं का? खरं सांग, नाहीतर थेंब मिळणार नाही." दोघांना तिनं मुर्सिक न देता एल्डोरेटच्या बसमध्ये बसवलं. त्यातले एक मुख्याध्यापक होते. ध्वनिक्षेपक सोडून पहिल्यांदाच ते इतक्या हळू बोलले.

महिन्याभरानं एका दुपारी टापलेलेइ कुंपणापाशी आली. बराच वेळ कुंपणाची एक काडी उगाच सरळ करत राहिली.

"त्या डॉक्टरीणबाईचं नाव काय म्हणालीस?"

"मकोखा. का गं?"

"सहज. बहिणीसाठी."

"तुला बहीण नाही, टापलेलेइ."

टापलेलेइनं काडी सोडून दिली.

"कधीपासून?" ताबुतानीनं विचारलं.

"दोन महिने."

"आणि माझ्या गळ्याकडे बघत बसली होतीस!"

तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळीच ताबुतानी टापलेलेइच्या घरी गेली. घरातले सगळे तुंबे मोजून बाहेर काढले आणि कुंपणावरून जेप्तानुईच्या हवाली केले. मग स्टूल दारात ओढलं आणि शेजारणीसमोर बसली. संध्याकाळ होत आली. टापलेलेइनं बिनदुधाचा चहा संपवून तोंड वाकडं केलं आणि पाठ फिरवून पांघरलेल्या कापडाआड काहीतरी चाचपलं.

"काढ बाहेर," ताबुतानी म्हणाली.

"काय काढू?"

"छोटा तुंबा. पाठीमागूनसुद्धा दिसते मला तुझी शीर."

टापलेलेइनं तो मुकाट्यानं काढून दिला. ताबुतानीनं झाकण उघडून वास घेतला, बोट बुडवून चाखलं आणि परत बंद केलं.

"कोळसा कमी पडलाय," ती म्हणाली. "बरी होऊन ये. मग दाखवते कसा चोळायचा ते."