बोटभर आखूड

सदामामा मिस्त्री हळू बोलत नसत. सगळं आयुष्य चालू इंजिनाशेजारी गेल्यामुळे बंद इंजिनाशेजारीही ते त्याच आवाजात बोलत. वडिलांची जुनी मोटार घेऊन मी त्यांच्या उद्यमनगरातल्या गॅरेजात पहिल्यांदा गेलो, तेव्हा बॉनेट उघडून त्यांनी सगळ्या गल्लीला सांगितलं, "पावणं, हे इंजन न्हवं, भंगार हाय! पर हुतंय. सदाच्या हातचं इंजन तेल खात न्हाई!"

खपून त्यांनी इंजिन नवं केलं. आपलाही हातभार असावा म्हणून मी किरकोळ सुटे भाग घरी नेऊन घासूनपुसून आणले. त्यात तेलाची पातळी बघायची लोखंडी पट्टी हरवली. मामा ओरडतील म्हणून भंगारबाजारातून तशीच दिसणारी दुसरी आणली आणि गुपचूप बसवली.

गाडी तेल खाऊ लागली. मागून निळा धूर. पट्टीवरच्या खुणेपर्यंत भरावं, की आठवड्यात खाली. मामांनी धुराचा वास घेतला, प्लग काढून बघितले, व्हॉल्व्हची सिलं बदलली.

"इंजन लबाड नसतंय, मालक असतोय. काय लपवत न्हाईस न्हवं?"

"नाही मामा."

त्यांनी इंजिन पुन्हा उतरवलं, नव्या रिंगा घातल्या आणि जाहीर केलं, "ह्यो धूर थांबंस्तवर तांबडा रस्सा बंद!" यावर मामी माझ्याबद्दल काय म्हणाल्या, तेही मामांनीच सांगितलं. गल्लीनेही ऐकलं.

धूर थांबला नाही. शेजारचे गॅरेजवाले विचारत, "काय मामा, आज मटण का आमटी?" मामा एक दिवस म्हणाले, "हात गेला माझा." शटर ओढलं आणि ते आजऱ्याला लेकीकडे राहायला गेले.

नंतर बायकोने गुलाबाची कुंडी बदलली. रोपाला आधार म्हणून तिने जी लोखंडी काडी खोचली होती, ती माझी पट्टी होती. भंगारातली तिच्याहून बोटभर आखूड निघाली. म्हणजे ती तेलात कमी बुडायची; तिच्या खुणेपर्यंत भरलं, की इंजिनात तेल कायम जास्तच. जास्तीचं जळायचं, मी पुन्हा भरायचो. मूळ पट्टी लावली, जादा तेल काढलं. धूर बंद.

मामांना सांगायचं राहून गेलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. राहून गेलं नव्हतं. मी सांगितलं नव्हतं.

गेल्या महिन्यात आजऱ्याला गेलो. मामा ओसरीवर काजू निवडत होते. दोन्ही पट्ट्या पुढे ठेवून मी सगळं सांगितलं. त्यांनी त्या जोडून धरल्या, फरक अंगठ्याने चाचपला.

"म्हंजे माझं इंजन पयल्याच दिवशी बराबर हुतं!" अख्ख्या आळीने ऐकलं. लेक धावत बाहेर आली. "ऐकलंस व्हय गं? हात शाबूत हुता माझा!"

"आबा, म्हंजे आता रस्सा चालंल?" लेकीने विचारलं.

मला वाटलं, सुटलो. मामा मात्र पट्ट्यांकडे बघत राहिले.

"मग गॅरेज कशापायी बंद केलं मी?"

हे त्यांनी इतकं हळू विचारलं, की शेजारीच बसलेल्या मला पुढे वाकून ऐकावं लागलं.